कार्टूनवरून निघालेली कॉमिक्स – वाचतं का कोणी?

रद्दीराव (धागालेखक)

टीव्हीवरच्या सुपरहिरो कार्टूनवरून काढलेली कॉमिक्स म्हटलं की भले भले कॉमिकवाले नाक मुरडतात. आधी मूळ कॉमिक, मग त्याची टीव्ही मालिका, मग त्या मालिकेचं पुन्हा कॉमिक. म्हणजे उष्ट्याचं उष्टं, असा एकूण सूर. इथेही मागे कुठल्याशा धाग्यावर कोणीतरी "ती पोराटोरांची पुस्तकं" म्हणून विषय मोडीत काढला होता. तेव्हा राहून गेलं, म्हणून आता सविस्तर.

माझं म्हणणं असं: १९९२ पासून पुढची दहा-बारा वर्षं डीसी या अमेरिकी कॉमिक कंपनीने 'अ‍ॅडव्हेंचर्स' या शेपटाने जी कॉमिक्स काढली, ती त्यांच्याच त्या काळातल्या 'खऱ्या' बॅटमॅन-सुपरमॅनपेक्षा सरस होती. लिहिण्यात आणि चित्रांत, दोन्हींत. आणि ती सरस निघाली याचं मोठं कारण म्हणजे त्यांच्याकडे कोणी फारसं लक्ष देत नव्हतं.

थोडी पार्श्वभूमी. 'बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सीरिज' अमेरिकेत ५ सप्टेंबर १९९२ रोजी सुरू झाली. ब्रूस टिम आणि एरिक रॅडोम्स्की यांची निर्मिती. लेखनात पॉल डिनी, अ‍ॅलन बर्नेट. आवाज केव्हिन कॉनरॉय (बॅटमॅन) आणि मार्क हॅमिल (जोकर) यांचे. आपल्याकडे बऱ्याच जणांनी ती नंतर कार्टून नेटवर्कवर पाहिली. 'द बॅटमॅन अ‍ॅडव्हेंचर्स'च्या पहिल्या अंकावर ऑक्टोबर १९९२ छापलेलं आहे, म्हणजे मालिका आणि कॉमिक जवळजवळ जोडीनेच बाजारात आली.

आता त्याच दिवसांत बाकीच्या कॉमिक्समध्ये काय चाललं होतं ते आठवा. सुपरमॅनला मारलं, तो अंक काळ्या पिशवीत सीलबंद करून विकला, आणि लोकांनी एक वाचायला, चार ठेवायला अशा प्रती घेतल्या. १९९३ मध्ये बेन या खलनायकाने बॅटमॅनचा कणा मोडला आणि ते प्रकरण इतक्या मासिकांतून इतके महिने चाललं की एक अंक हुकला तर पुढचं काही कळेना. इमेज कंपनी नुकतीच निघालेली. चित्रांत रेघांचं रान माजलेलं. दात-ओठ खाणारे हिरो, खांद्यावर खांदे, कमरेला पिशव्याच पिशव्या.

या गदारोळात केली पकेट नावाचा लेखक जवळजवळ दर महिन्याला एका अंकात एक गोष्ट सुरू करून त्याच अंकात संपवत होता. प्रत्येक गोष्टीचे पहिला अंक, दुसरा अंक, तिसरा अंक असे नाटकासारखे तीन भाग, प्रत्येकाला वेगळं नाव. पहिल्या महिन्यात पेंग्विन, दुसऱ्यात कॅटवुमन, तिसऱ्यात जोकर. तिन्ही स्वतंत्र वाचता येतात, पण ओळीने वाचलीत तर कळतं की आधीच्या दोघांना नाचवणारा जोकरच होता. सुरुवातीच्याच एका गोष्टीत (ही मात्र मार्टिन पास्कोची, दोन अंकांत चालणारी) स्केअरक्रो हा खलनायक लोकांची वाचण्याची शक्ती काढून घेतो. पाट्या वाचता येईनाशा झाल्यावर शहराचं काय होतं, एवढ्या एका कल्पनेवर अख्खी गोष्ट उभी. मोठी माणसं लिहितात त्या गंभीर बॅटमॅनमध्ये असली साधी, बिनतोड कल्पना मला त्या वर्षांत सापडली नाही.

दहाव्या अंकातला रिडलर तर माझा लाडका. आपलं कोडं दर वेळी बॅटमॅन सोडवतो याने खचलेला हा माणूस ठरवतो की आता शेवटचं. हेही सुटलं तर धंदा बंद. त्याच अंकात तीन अत्यंत अकार्यक्षम चोर येतात: मास्टरमाइंड, मिस्टर नाइस आणि प्रोफेसर. हे तिघे म्हणजे डीसीचे तेव्हाचे संपादक माइक कार्लिन, आर्ची गुडविन आणि डेनी ओ'नील यांची व्यंगचित्रं! स्वतःच्या वरिष्ठांना चोर म्हणून काढायचं आणि ते त्यांच्याच कंपनीने छापायचं. मिस्टर नाइसला तर कोणाशी वाईट वागणं जमतच नाही. असली मस्ती सीलबंद पिशवीतल्या अंकांत कुठून येणार?

चित्रांबद्दल. सुरुवात टाय टेम्पलटनने केली, मग ब्रॅड रेडर, आणि सातव्या अंकापासून माइक पॅरोबेक. शाई बहुतेक रिक बर्चेटची. टिमने मालिकेसाठी माणसं कमीत कमी रेषांत बसवली होती, कारण एका भागासाठी हजारो चित्रं काढायची तर प्रत्येक जादा रेघ महागात पडते. म्हणजे गरज टीव्हीची. पण पॅरोबेकच्या हातात तीच काटकसर कागदावर वेगळंच काम करते. रेषा कमी, म्हणून डोळा अडकत नाही, म्हणून पळणारा माणूस खरंच पळतो. त्याचा बॅटमॅन गच्चीवरून उडी मारतो तेव्हा खांदा, कोपर आणि केप एवढ्या तीन वळणांत ती उडी संपते. त्या काळी याला 'फारच कार्टूनी' म्हणून हिणवलं जायचं. १९९६ मध्ये, वयाच्या अवघ्या ३०व्या वर्षी, मधुमेहातून झालेल्या गुंतागुंतीने तो गेला. आज ज्याला सगळे 'क्लीन' शैली म्हणून डोक्यावर घेतात त्यातलं कितीतरी त्याने आधीच करून ठेवलंय.

'मॅड लव्ह' या अंकाबद्दल वेगळं लिहायला हवं, पण धागा आधीच लांबलाय. तुम्ही यातलं काय वाचलंय, काय टाकाऊ वाटतं, ते लिहा. डीसीच्या प्रतिस्पर्धी मार्व्हलवाल्यांनीही यावं, त्यांची बाजू लंगडी आहे हे मला ठाऊक आहे. :)

---

शाईपेन

छान धागा, पण पूर्ण असहमत.

या मालिकेचा अर्धा जीव आवाजात होता. हॅमिलचं हसू, कॉनरॉयचा ब्रूस वेनचा आवाज वेगळा आणि बॅटमॅनचा वेगळा, शर्ली वॉकरचं संगीत. दुसरा अर्धा जीव त्या अंधारात. रॅडोम्स्कीने पार्श्वभूमीची चित्रं काळ्या कागदावर रंगवून घेतली होती, म्हणून बॅटमॅनचं ते गॉथम शहर तसं दिसतं. कॉमिकमध्ये पांढरा कागद, सपाट रंग आणि संवादांचे फुगे. म्हणजे आवाजही गेला आणि अंधारही गेला. उरलं काय? आरती न ऐकता आरतीसंग्रह वाचत बसण्यासारखं आहे हे.

---

रद्दीराव

शाईपेन, अंधाराचा मुद्दा मान्य, सपाट रंगांत ते गॉथम येत नाही. पण म्हणूनच पकेट आणि मंडळींनी मालिकेची नक्कल करायचा नाद सोडला. त्यांनी भागांची रूपांतरं केलीच नाहीत, नव्या गोष्टी लिहिल्या. आवाजाचं म्हणाल तर ज्याने मालिका पाहिलीय त्याला जोकरचा फुगा वाचताना हॅमिलच ऐकू येतो. तो खर्च टीव्हीने आधीच केलाय, कॉमिकला ते फुकट.

---

काकडीची_कोशिंबीर

>> मार्व्हलवाल्यांनीही यावं, त्यांची बाजू लंगडी आहे

आले! लंगडी आहे हे खरंय, पण गंमतशीर लंगडी आहे.

'एक्स-मेन'ची मालिका १९९२ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झाली आणि मार्व्हलने लगेच 'एक्स-मेन अ‍ॅडव्हेंचर्स' काढलं. डीसीने नव्या गोष्टी लिहिल्या, तर यांनी सरळ एकेक भाग उचलून कागदावर उतरवला. पानं मोजकी, पटकथा खच्चून भरलेली, त्यामुळे फुगेच फुगे. चित्र शोधावं लागतं.

पण यात एक मजा आहे. 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' ही क्लेअरमाँट आणि बर्न यांची १९८१ ची दोन अंकांची कथा. तिथे भविष्यातून मागे येते ती किटी प्राइड. टीव्हीवर किटी नव्हती म्हणून तिच्या जागी बिशपला पाठवलं. मग 'एक्स-मेन अ‍ॅडव्हेंचर्स'ने त्या टीव्ही भागांचं कॉमिक केलं. म्हणजे एकाच कंपनीने एकाच नावाची गोष्ट दोनदा छापली आणि दोन्हींत नायक वेगळा! लहान वयात दुसरी आधी वाचली की मूळ कथा हातात आल्यावर "यांनी बिशपला का काढलं?" असं वाटतं. मला वाटलं होतं.

---

निवडुंग

+१ काकडी. आयडी भारी आहे.

---

जर्सीकर

इकडे न्यू जर्सीत कॉमिकच्या दुकानांत ही पुस्तकं डॉलरच्या खोक्यात पडलेली असतात. 'सुपरमॅन अ‍ॅडव्हेंचर्स', 'गॉथम अ‍ॅडव्हेंचर्स' सगळं. फक्त 'बॅटमॅन अ‍ॅडव्हेंचर्स'चा बारावा अंक कधीही त्या खोक्यात दिसणार नाही. तो काउंटरमागे काचेत, कडक प्लॅस्टिकच्या डबीत, आणि किंमत विचारायची सोय नाही. कारण जोकरची साथीदार हार्ली क्विनचं कॉमिकमधलं पहिलं आगमन. गोष्ट खरं तर बार्बरा गॉर्डनची आहे. ती वेषांतराच्या पार्टीला बॅटगर्ल बनून जाते आणि तिथे हार्ली आणि पॉयझन आयव्ही धाड घालतात. साधी, मस्त गोष्ट. पण त्या डबीतला अंक उघडून वाचणारा कोणी उरला असेल असं वाटत नाही.

रद्दीराव, 'मॅड लव्ह'वर लिहाच.

---

रद्दीराव

आग्रहास्तव.

हार्ली टीव्हीची पोर. ११ सप्टेंबर १९९२ च्या 'जोकर्स फेवर' या भागात पहिल्यांदा दिसली. डिनीची मैत्रीण अर्लीन सॉर्किन एका टीव्ही मालिकेतल्या स्वप्नदृश्यात विदूषकाच्या पोशाखात आली होती, ते बघून त्याला हे पात्र सुचलं, आणि आवाजही सॉर्किननेच दिला. एका भागापुरती आलेली ही बाई प्रेक्षकांना आवडली म्हणून राहिली. पण ती जोकरच्या नादी लागली कशी, हे मालिकेत कोणी सांगितलं नव्हतं.

ते सांगितलं १९९४ च्या 'मॅड लव्ह'ने. लेखन डिनी-टिम, चित्रं टिमची. डॉ. हार्लीन क्विंझेल ही अर्कम इस्पितळातली मानसोपचारतज्ज्ञ. जोकर तिला बालपणीची रडकथा ऐकवतो, ती विरघळते. पुढे ती जोकरचीच एक अर्धवट टाकलेली योजना पूर्ण करायला घेते. बॅटमॅनला पिरान्हा माशांच्या टाकीत सोडायचं, पण जोकरची अडचण अशी की मासे हसत नाहीत. तिचा तोडगा: बॅटमॅनलाच उलटा टांगा, म्हणजे त्याला मासे हसताना दिसतील. हुशार आहे बाई! आणि जोकर काय करतो? शाबासकी सोडाच, भडकतो. विनोद समजावून सांगावा लागला तर तो विनोदच नव्हे, हे त्याचं म्हणणं; आणि तिला खिडकीतून फेकून देतो.

हे मुलांच्या कार्टूनवरून काढलेलं कॉमिक आहे, हे लक्षात घ्या. घरातल्या मारहाणीत अडकलेल्या माणसाचं मन इतक्या नेमकेपणाने मांडलेलं, तेही हसवता हसवता. कॉमिक्समधला मानाचा आयस्नर पुरस्कार मिळाला, सर्वोत्कृष्ट एकल अंकाचा. पुढच्याच वर्षी 'बॅटमॅन अ‍ॅडव्हेंचर्स'च्या नाताळ विशेषांकालाही तोच पुरस्कार. म्हणजे पोराटोरांच्या पुस्तकांनी लागोपाठ दोनदा बाजी मारली.

मग गंगा उलटी वाहिली. नाताळ विशेषांकाचा १९९७ मध्ये टीव्ही भाग झाला, 'मॅड लव्ह'चा १९९९ मध्ये. त्याच १९९९ मध्ये हार्ली मुख्य बॅटमॅन कॉमिक्समध्ये अधिकृतपणे दाखल झाली.

---

शाईपेन

'मॅड लव्ह' अपवाद आहे हो, त्याला कोण नाही म्हणतंय. तो तर मालिकेच्या मूळ लोकांनीच लिहिलाय आणि काढलाय. एका अंकावरून सगळ्या वर्गाला पास करू नका.

आणि हार्लीचं नंतर काय केलं तेही बघा. मुख्य कॉमिक्समध्ये आली आणि हळूहळू कपडे कमी, बंदुका जास्त. 'मॅड लव्ह'मधली ती डॉक्टर कुठे गेली?

---

माहीमची_माहेरवाशीण

शाईपेन, कपड्यांच्या मुद्द्यावर शंभर वेळा +१. मूळ लाल-काळा विदूषकी पोशाख मानेपासून टाचेपर्यंत होता आणि तरी ती सगळ्यांत लक्षवेधी होती.

पण टीव्हीकडून कॉमिककडे गेलेली ती एकटी नाही, हा मुद्दा धाग्यात राहून गेलाय. माझ्या आठवणीतली नावं:

मिस्टर फ्रीझ. १९५९ चा मिस्टर झीरो नावाचा हा एक फुटकळ खलनायक. १९९२ च्या 'हार्ट ऑफ आइस' या भागात डिनीने त्याला आजारी बायको दिली, नोरा, गोठवून ठेवलेली. कॉमिक्सने मुकाट्याने तीच गोष्ट स्वीकारली. ते पात्र आज जे आहे ते त्या एका भागामुळे.

रेने मोंटोया. ही मालिकेसाठी बनवलेली पोलीस अधिकारी, पण मालिका पडद्यावर यायला वेळ लागला आणि मार्च १९९२ च्या 'बॅटमॅन' ४७५ मध्ये ती आधी छापूनही आली. त्यामुळे कोण कोणावरून आलं हे सांगताना गोंधळ होतो. पुढे 'गॉथम सेंट्रल'मध्ये तिला काय सुंदर लिहिलंय!

मार्व्हलची फायरस्टार, १९८१ च्या 'स्पायडर-मॅन अँड हिज अमेझिंग फ्रेंड्स'मधली. ह्युमन टॉर्चचे हक्क मिळेनात म्हणून आगवाली मुलगी तयार केली, मग १९८५ मध्ये ती 'अनकॅनी एक्स-मेन'मध्ये आली.

आणि एक्स-२३, म्हणजे लॉरा. २००३ मध्ये 'एक्स-मेन: इव्होल्यूशन' या कार्टूनमध्ये, २००४ मध्ये कॉमिकमध्ये, २०१५ मध्ये तर वुल्व्हरिनचं नावच तिच्याकडे. 'लोगन' सिनेमा बघून रडलेल्या किती जणांना माहीत असेल की ही पोर शनिवार सकाळच्या कार्टूनमधून आलीय?

---

काकडीची_कोशिंबीर

लॉराबद्दल नव्हतं माहीत!! 'इव्होल्यूशन' पाहिलंय सगळं, पण मला वाटायचं कॉमिकमधूनच आली असेल.

---

जुना_खोडरबर

तुम्ही सगळे १९९२ पासून सुरू करताय. थोडे मागे जा की.

१९७३ मध्ये हॅना-बार्बेराने 'सुपर फ्रेंड्स' काढलं. बॅटमॅन, सुपरमॅन, वंडर वुमन, अ‍ॅक्वामॅन, आणि सोबत दोन अगदी सामान्य पोरं, वेंडी आणि मार्विन, अधिक त्यांचा कुत्रा. १९७७ मध्ये ही पोरं गायब आणि त्यांच्या जागी परग्रहावरची जुळी भावंडं, झॅन आणि जेना. का, कुठे गेली, टीव्हीवर एक अक्षर नाही.

डीसीचं 'सुपर फ्रेंड्स' कॉमिक १९७६ ते १९८१ चाललं, ४७ अंक. लेखक ई. नेल्सन ब्रिडवेल, चित्रं बहुतांशी रमोना फ्रॅडन. ब्रिडवेल म्हणजे डीसीचा चालता-बोलता ज्ञानकोश. त्याला असली सुटलेली टोकं सहन होत नसत. मुळात ही दोन पोरं सुपरहिरोंच्या टोळीत आलीच कशी, तर त्याने शोधून काढलं की वेंडी ही ब्रूस वेनला शिकवणाऱ्या गुप्तहेराची पुतणी आणि मार्विन हा त्या नर्सचा मुलगा, जिच्याकडून वंडर वुमनने डायना प्रिन्स हे नाव घेतलं होतं! टीव्हीवाल्यांनी पाच मिनिटंही विचार केला नसेल अशा पात्रांना त्याने खानदान दिलं. मग जुळ्या भावंडांना आणताना वेंडी-मार्विनचा रीतसर निरोपसमारंभही केला.

त्याच कॉमिकमध्ये देशोदेशीच्या नायकांची 'ग्लोबल गार्डियन्स' ही टोळी आली. ब्राझीलची बिआट्रिझ द कोस्टा त्यातलीच. पुढे 'फायर' नावाने जस्टिस लीगमध्ये गाजली. मालिकेतून खाली टाकलेल्या तुकड्यांवर कॉमिक जगतं असं म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

---

रद्दीराव

खोडरबर काका, दंडवत! मार्विनचं कुलवृत्तांत मला नवीन. हे मूळ लेखात हवं होतं.

---

वेताळपंथी

अवांतर होईल, पण आमच्या दैवताचा उल्लेख नाही म्हणजे काय?

इंद्रजाल कॉमिक्स मराठीतून वाचत मोठे झालेल्या पिढीसाठी: वेताळ (इंग्रजीतला फँटम) आणि मँड्रेक दोघेही एका कार्टूनमध्ये होते. 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ', १९८६. वेताळ, मँड्रेक, लोथार, फ्लॅश गॉर्डन आणि त्यांची पोरं मिळून मिंगशी लढतात. शीर्षकगीताचे शब्द स्टॅन लीचे. यातला वेताळ जंगलच्या कायद्याची हाक देऊन दहा वाघांचं बळ अंगात आणतो. इंद्रजालमधला आपला वेताळ कसला मंत्रबिंत्र म्हणत नव्हता, सरळ ठोसा मारून हनुवटीवर कवटी उमटवायचा. असो. १९८७ मध्ये मार्व्हलच्या 'स्टार' या मुलांच्या शाखेने त्याचं कॉमिक काढलं, चार अंकांत बंद पडलं.

दुसरी खेप जास्त रंजक. १९९४ मध्ये 'फँटम २०४०' आलं, भविष्यातला वेताळ, पात्रांची रेखाटनं पीटर चुंगची, लांबच लांब हाडकुळी माणसं. १९९५ मध्ये मार्व्हलने त्याचेही चारच अंक काढले आणि ते काढले कोणी? स्पायडर-मॅनचा सहजनक स्टीव्ह डिटको! चुंगच्या त्या वेड्यावाकड्या आकृत्या म्हाताऱ्या डिटकोच्या हातून. दोन्ही शैली एकमेकींना जुमानत नाहीत आणि तरी पानं बघत राहावीशी वाटतात.

---

निवडुंग

डिटकोने वेताळ काढलाय???

---

वेताळपंथी

होय. बसा आता शोधत.

---

टिंबटिंब

नव्या पिढीतर्फे दोन शब्द. तुमची ती एका अंकात संपणारी गोष्ट छान आहे, पण याहून वेगळा प्रयोग 'यंग जस्टिस'ने केला. मालिका २०१० च्या शेवटी सुरू झाली, कॉमिक २०११ ते २०१३. कॉमिक लिहिणाऱ्यांत ग्रेग वाइजमन, जो मालिकेच्याही कर्त्यांपैकी एक. मालिकेत प्रत्येक प्रसंगाला ठिकाण, तारीख, वेळ येते ना, तशीच कॉमिकमध्येही. म्हणजे कोणता अंक कोणत्या दोन भागांच्या मध्ये बसतो हे तारखेवरून लावता येतं. मधल्या रिकाम्या जागा कॉमिक भरतं आणि त्यातल्या घटना मालिका खऱ्या मानते. पहिला मोसम आणि 'इन्व्हेजन' (दुसरा मोसम) यांच्यात पाच वर्षांची उडी आहे. कॉमिकही शेवटच्या अंकांत ती उडी मारतं.

आणि 'टीन टायटन्स गो!' विसरू नका. आता हे नाव घेतलं की लोकांना २०१३ चं ते धिंगाणा कार्टून आठवतं. पण हे नाव आधी कॉमिकचं होतं! २००३ च्या मालिकेवरून जे. टॉरेस आणि टॉड नॉक यांनी केलेलं, ५५ अंक. मालिका २००६ च्या जानेवारीत थांबली, कॉमिक २००८ पर्यंत चाललं. टेरा या पात्राचं पुढे काय झालं हे टीव्हीने लटकत ठेवलं होतं, तो धागा कॉमिकने उचलला.

---

शाईपेन

'यंग जस्टिस'चं हे तारखेचं प्रकरण मला गृहपाठासारखं वाटतं. मालिका समजायला कॉमिक वाचा, कॉमिक समजायला मालिका बघा. रद्दीराव ज्या मुद्द्यावर १९९३ च्या बॅटमॅनला झोडपतायत (अंक हुकला की खेळ खलास) तोच दोष इथे गुण कसा झाला?

---

रद्दीराव

नेमकं पकडलंत. मलाही 'यंग जस्टिस' कॉमिक त्यामुळेच थोडं कोरडं वाटतं. जागा भरण्याचं काम चोख, पण एखादा अंक सुटा उचलून कोणाच्या हातात द्यावा असं होत नाही. टिंबटिंब रागावू नये.

याच्या अगदी उलटं उदाहरण 'सुपरमॅन अ‍ॅडव्हेंचर्स'चा ४१ वा अंक. २००० सालचा. बावीस पानं, बावीस गोष्टी, प्रत्येक पानावर एक पूर्ण. वेगवेगळे चित्रकार, लेखक एकच: मार्क मिलर. हो, तोच 'किक-अ‍ॅस'वाला, रक्ताच्या चिळकांड्यांवाला. हा माणूस इथे लॉइस लेन, क्लार्क आणि मेट्रोपोलिसची सामान्य माणसं इतक्या मायेने लिहितो की पुढचं त्याचं काम वाचून राग येतो. आलं होतं ना जमायला, मग सोडलं का? त्याच्या आधी याच मासिकावर स्कॉट मॅक्लाउड होता, म्हणजे कॉमिक्सची कला समजावून सांगणारं पुस्तक लिहिणारा. शाईपेन, एवढी माणसं उगाच येत नाहीत. इथे पगार मोठा नव्हता, नावही मोठं होत नव्हतं. पण "पुढच्या महिन्यात अमक्याचा महाप्रसंग आहे, तुझी गोष्ट थांबव" असं सांगायला कोणी येत नव्हतं.

---

टिंबटिंब

रागावलो नाही. पण सुटं वाचता यावं हा एकच निकष का? सहा पात्रांमधला अबोला कसा सुरू झाला हे दोन वर्षांनी कळण्यातही मजा असते. तुमच्या पिढीला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर मिळेल तो अंक घ्यावा लागायचा, पुढचा मिळेल याची खात्री नाही. म्हणून एका अंकात संपणारी गोष्ट तुम्हाला श्रेष्ठ वाटते.

---

जुना_खोडरबर

टिंबटिंबने वर्मावर बोट ठेवलंय.

---

रद्दीराव

असेल. माटुंग्याच्या त्या ढिगातून 'गॉथम अ‍ॅडव्हेंचर्स' आणि एखादं 'मनोहर' एकाच हाताने उचललेलं आहे. पण पकेटची पानं आज सगळा संच शेल्फवर असतानाही तितकीच चालतात, त्याला माझा फुटपाथ जबाबदार नाही.

---

सायलीची_आई

मी या विषयात अगदी नवखी. मुलगी नऊ वर्षांची आहे, जुनी जस्टिस लीग मालिका आवडीने बघते, इंग्रजी बऱ्यापैकी वाचते. यातलं तिला काय देऊ? वरचं खिडकीतून फेकण्याचं वाचून जरा दचकले.

---

माहीमची_माहेरवाशीण

सायलीची आई, 'मॅड लव्ह' चार-पाच वर्षं तरी लांबच ठेवा. ते मोठ्यांचंच आहे, फक्त चित्रं मुलांची.

तिला जस्टिस लीग आवडते तर 'जस्टिस लीग अ‍ॅडव्हेंचर्स' (२००२ पासून, ३४ अंक) आणि त्यानंतरचं 'जस्टिस लीग अनलिमिटेड' (४६ अंक). मालिकेतलीच माणसं, तीच चित्रशैली, गोष्टी बहुतेक एका अंकात संपतात. कुठूनही सुरू करता येतं. सुटे अंक शोधत बसू नका, संकलित पुस्तकं ऑनलाइन मिळतात आणि डिजिटलही आहेत.

---

जर्सीकर

आणि 'बॅटमॅन: द ब्रेव्ह अँड द बोल्ड' पण! त्यावरचं कॉमिक हसरं, रंगीत, भीती शून्य. शॉली फिशने लिहिलेले अंक विशेष. माझ्या पुतणीला तेच आवडलं, आणि मग तिने स्वतःहून जुना बॅटमॅन मागितला.

---

शाईपेन

नऊ वर्षांच्या मुलीला 'सुपरमॅन अ‍ॅडव्हेंचर्स' ४१ द्या. (गंमत नाही करत. काल रात्री डिजिटल प्रत काढून वाचली. चौथ्या पानापर्यंत रद्दीरावांवर चिडलेलो होतो.)

---

रद्दीराव

आणि पाचव्या पानानंतर?

---

शाईपेन

पाचव्या पानानंतर 'एक्स-मेन अ‍ॅडव्हेंचर्स' अजूनही टाकाऊच आहे या मतावर ठाम आहे.

---

काकडीची_कोशिंबीर

ओ!